नंदाखालच्या माडीवर हिरड्याची शाई

विरार स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की गाव लगेच दिसत नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती, खाली औषधाची आणि मिठाईची दुकाने, मध्ये रिक्षांची दाटी. बोळींज मागे पडले की रस्ता अरुंद होतो, कुंपणावरून केळीची पाने डोकावू लागतात आणि एकदम हवा गार लागते. इथून पुढे नंदाखाल. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी 2009 साली वसई-विरार महानगरपालिका आली. कागदावर शहर झाले, पण विहिरीच्या काठावर उभे राहून पाहिले तर वाडी अजून वाडीच आहे.

वाडी म्हणजे काय, हे देशावरच्या शेतकऱ्याला जरा सांगावे लागते. आपल्याकडे घर गावात आणि शेत गावाबाहेर. इथे घर शेतातच असते. मध्ये घर, भोवती केळी, नारळ, सुपारी, पानवेल, मोगरा आणि भाजीचे वाफे. एका कोपऱ्यात विहीर. तिच्यावर पूर्वी बैलाचा रहाट चालायचा, आता विजेचा पंप घुमतो. इथल्या राजेळी केळीची सुकेळी आगाशीच्या नावाने प्रसिद्ध आहेत, आणि इथली फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातात.

नंदाखालची वस्ती मुख्यतः सामवेदी ख्रिस्ती शेतकऱ्यांची. घरात आपसात सामवेदी बोली, पाहुण्याशी मराठी. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1534 पासून 1739 पर्यंत होता, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा तो संपला. गावातले पवित्र आत्म्याचे चर्च 1573 सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 2020 साली उस्मानाबादला अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म याच गावचा, 1942 सालचा. वसईची हिरवाई टिकावी म्हणून त्यांनी उभ्या केलेल्या चळवळीची आठवण इथली माणसे आजही काढतात.

पण आज लिहायचे आहे ते चर्चबद्दल किंवा चळवळीबद्दल नाही. आज लिहायचे आहे पायाखालच्या जमिनीबद्दल.

खालची जमीन आणि वरची जमीन

कुठल्याही गावात चार घरी चहा प्या, चार प्रकारच्या जमिनी पायाला लागतात. नंदाखालही त्याला अपवाद नाही. मागच्या पडवीत कुठे अजून शेणाचे सारवण असते. जुन्या ओटीवर तांबडा कोबा असतो, वर्षानुवर्षे पुसून आरशासारखा झालेला. चांगल्या दिवसांत बांधलेल्या घरात नक्षीची सिमेंटची लादी दिसते. ही लादी पूर्वी परदेशातून यायची. 1922 साली सिधवा मंडळींनी 'भारत टाइल्स' काढली आणि ती स्वदेशी झाली. आणि नव्या घरात अर्थातच चकचकीत पांढरी टाइल, जिच्यावर पावसाळ्यात म्हातारी माणसे जपून पाय टाकतात.

हे सगळे खालच्या मजल्याचे झाले. वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी. जुन्या घराला माडी असेल तर ती कडीपाटाची. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर जाड फळ्या. देशावरच्या वाड्यांतही हीच रीत. आपण बहुतेक ठिकाणी फळ्यांवर माती चोपून सारवतो, त्यामुळे लाकूड फक्त खालून दिसते. इथल्या ज्या माड्या मी पाहिल्या त्यांत फळी उघडीच होती. तिच्यावर भाताची कणगी, बियाणे, जुन्या पेट्या, आणि उन्हाळ्यात पोराबाळांची अंथरुणे.

लाकूड बहुधा सागवानी. सागाची महती शेतकऱ्याला सांगायला नको, तरी एक दाखला देतो. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षे खाऱ्या पाण्यात टिकणारे लाकूड घराच्या माडीवर किती टिकेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि नेमके हेच लाकूड आज वसईतून ट्रकने बाहेर चालले आहे.

फळीला भाव आला

ज्या घरी मी दोन दिवस होतो, तिथेही हाच विषय चालू होता. घर तीन भावांचे. थोरला वाडी करतो, मधला मुंबईत नोकरीला, धाकटा आखाती देशात. आई ऐंशीच्या घरात, अजून रोज फुले वेचते. घर पाडून दोन मजली पक्के बांधावे, खाली थोरल्याने राहावे, वर दोघांच्या खोल्या काढाव्यात, असे मधल्याचे म्हणणे. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन माडी पाहून गेला होता. तुळया, कड्या, फळ्या, दारे, जिना, सगळ्याचा मिळून त्याने एकच आकडा सांगितला होता. आकडा वाईट नव्हता. जुन्या सागवानाला मुंबईत फर्निचरसाठी मागणी आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे.

थोरल्याला घर पाडायचे नव्हते, पण त्याच्यापाशी सांगण्यासारखे कारण नव्हते. माडी खरोखरच कुरूप झाली होती. मधल्या काळात कोणीतरी फळ्यांवर प्लॅस्टिकचे जाड आच्छादन अंथरले होते. दुकानातून गुंडाळी आणतात, लादीसारखी नक्षी छापलेली, तेच. छपरातून पावसाचे थेंब पडले की पाणी आच्छादनाखाली जायचे आणि तिथेच राहायचे. आच्छादन उचलले तेव्हा फळ्या राखाडी पडलेल्या, दोन फळ्या काठाला कुजलेल्या, आणि प्रत्येक खिळ्याभोवती काळा डाग.

"हे पाहून कोण म्हणेल ठेवा म्हणून?" मधला भाऊ म्हणाला होता.

त्या काळ्या डागानेच पुढची गोष्ट घडवली.

खिळ्याभोवतीचा डाग

थोरल्या भावाची बायको माहेरची वाघोलीची, शाळेत शिक्षिका. तिने सासूला सहज विचारले, "आई, हे डाग धुतले तर जातील का?" सासूबाई म्हणाल्या, "ते जायचे नाहीत बाई. ती शाई आहे. आमचे बाबा हिरडा उकळून त्यात हिराकस टाकायचे आणि बोरूने लिहायचे. लाकडातून निघते ते आणि लोखंड, दोन्ही एक झाले की शाईच होते."

म्हातारीचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. हिरड्यात, काथात, बाभळीच्या सालीत आणि कमीअधिक प्रमाणात बहुतेक कठीण लाकडांत एक तुरट द्रव्य असते. इंग्रजीत त्याला टॅनिन म्हणतात. कातडे कमावतात ते याच द्रव्याने. लोखंडाचा क्षार त्याला भेटला की रंग काळा होतो. ओल्या लाकडात लोखंडी खिळा असला की भोवती काळे वर्तुळ पडते ते याच कारणाने. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हिशेबाच्या वह्या आणि पोथ्या अशा शाईने लिहिल्या गेल्या. राजस्थानातले छिपे लोखंडाचा चुरा आणि गूळ आंबवून कापडावर छापायचा काळा रंग करतात आणि तो पसरू नये म्हणून चिंचोक्याची खळ घालून घट्ट करतात. तीही हीच विद्या.

सूनबाईंच्या मनात आले, जो डाग जात नाही तो आपणच हवा तिथे पाडला तर? सगळी फळी काळी करायची नाही, रंगाने झाकायचीही नाही. नक्षी काढायची, आणि ती लाकडातच मुरवायची.

इथे जरा थांबून हे सांगितले पाहिजे की लाकडी जमिनीवर नक्षी काढणे ही काही नवी कल्पना नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या शेतकरी घरांत फळ्यांच्या जमिनीवर साचे ठेवून रंगाची नक्षी काढत. कारण साधे होते. गालिचा महाग, तो श्रीमंताच्या घरी. शेतकऱ्याने गालिचाची नक्षी जमिनीवरच रंगवली. पुढे फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने 1863 साली लिनोलियमचे पेटंट घेतले. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाची भुकटी मिसळायची आणि तागाच्या कापडावर थापायची, असे ते आच्छादन. ते स्वस्तात मिळू लागले आणि रंगवलेली जमीन मागे पडली. आज आपल्याकडे जे प्लॅस्टिकचे आच्छादन मिळते ते त्याचेच धाकटे भावंड म्हणायचे.

आपल्याकडेही लाकडावर नक्षी आहेच, फक्त ती जमिनीवर नाही. सावंतवाडीचे चितारी पाट, चौरंग आणि गंजिफांवर जे वेलबुट्टीचे काम करतात त्याला तोड नाही. बसायच्या पाटावर नक्षी चालते, तर चालायच्या फळीवर का चालू नये?

पायाखाली काय असावे

नक्षी कोणती काढावी, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली म्हणे. नातवाने सांगितले, वारली चित्र काढू. कल्पना वाईट नव्हती. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि हा तर आपलाच जिल्हा. पण वारल्यांच्या लग्नात भिंतीवर जो चौक लिहितात त्यात पालघाट देवी बसलेली असते. ती त्यांच्या पूजेची गोष्ट. ती आपल्या पायाखाली घालायची नाही, असे आजींनी ठरवून टाकले. त्याच न्यायाने क्रूसही नको, चर्चमधली द्राक्षवेलही नको. जे भिंतीवर आणि वेदीवर शोभते ते तिथेच राहू द्यावे.

मग उरले काय? इथल्या ख्रिस्ती समाजातल्या जुन्या बायका चौकड्यांचे लुगडे नेसतात. आजींच्या पेटीत तसे एक होते. ते बाहेर काढले आणि चौकडी ठरली. वाडीत पानवेल आहे, म्हणून चौकडीच्या घरात विड्याचे पान. बस्स, एवढीच नक्षी. चौकडी पट्टीने काढता येते आणि पानाचा साचा पोरही कापू शकते. पान खरेच वेलीवरून आणले, जुन्या एक्स-रे फिल्मवर ठेवून त्याची कड आखली आणि ब्लेडने कापली.

माडी 12 फूट बाय 15 फूट. चारही बाजूंना 9 इंचांचा काठ सोडला. आत उरले साडेदहा बाय साडेतेरा फूट. दीड दीड फुटाचा चौकोन धरला की एका बाजूला 7 आणि दुसऱ्या बाजूला 9, एकूण 63 घरे. चारही कोपरे काळे धरले तर 32 घरे काळी आणि 31 मोकळी. मोकळ्या प्रत्येक घरात एक पान. दोन्ही आकडे विषम असले की बरोबर मधोमध एक घर येते आणि नक्षी चारही भिंतींना सारखी भिडते. हा हिशेब बाईंनी शाळेच्या वहीच्या चौकटीच्या कागदावर आधी मांडला होता. मला तो कागद दाखवताना त्यांना जितका आनंद झाला तितका माडी दाखवताना झाला नसेल.

काम कसे झाले

काम केले ते नाताळानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत. किनाऱ्यावर हा मुहूर्त महत्त्वाचा. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगते, उन्हाळ्याच्या तोंडाशी ते वाळून आवळते. वाळलेल्या लाकडावरच रंग आणि वार्निश नीट बसते. त्याच कारणाने फळ्यांमधल्या फटी कडक लांबीने भरायच्या नाहीत. पावसात फळ्यांना फुगायला जागा लागते.

पहिले काम छपराचे. कौले परतून गळती थांबवली. गळके छप्पर ठेवून खाली नक्षी काढणे म्हणजे पाखरे न हाकलता पेरणी करणे. मग सुताराने कुजलेल्या दोन फळ्यांचे काठ कापून जुन्याच लाकडाचे तुकडे बसवले. वर आलेले खिळे ठोकून आत घातले आणि त्यांच्या डोक्यावर बारीक भुसा व सरस यांची लुकण भरली, नाहीतर हिरड्याचे पाणी लागताच प्रत्येक खिळा पुन्हा काळा झाला असता. रंधा मारला नाही. जुनी फळी रंध्याने उगाच पातळ होते. पॉलिश पेपरने, आधी 60 नंबर, मग 100, मग 150, असे लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासले. राखाडी थर गेला आणि आतून मधासारखा रंग वर आला. मधला भाऊ रविवारी आला होता, तो हे पाहून गप्प झाला.

सागात अंगचे तेल असते, त्यामुळे घासून झाल्यावर थिनर लावलेल्या फडक्याने फळ्या एकदा पुसून घेतल्या.

आखणी गवंड्यासारखी केली. खोलीचा मध्य काढला, गेरूत बुडवलेल्या सुताने रेषा मारल्या. कोपरा काटकोनात आहे की नाही हे 3, 4 आणि 5 फुटांच्या मापाने पाहिले. शेताचा चौक आखताना आपण जे करतो तेच. जुन्या घराच्या भिंती क्वचितच सरळ असतात. म्हणून भिंतीवरून मोजायचे नाही, मध्यापासून मोजायचे. भिंतीचा तिरकेपणा काठात लपून जातो.

मग खरी युक्ती. काळ्या घरांच्या कडेने पट्टी ठेवून धारदार सुरीने अगदी उथळ रेघ मारली. लाकडाचे दोरे तिथे तुटतात, त्यामुळे पातळ रंग दोऱ्यादोऱ्याने शेजारच्या घरात पळत नाही. त्यानंतर हिरड्याचे पाणी. हिरड्याची साल जाडसर कुटून, लिटरभर पाण्याला सुमारे 100 ग्रॅम, स्टीलच्या भांड्यात अर्धा तास उकळून गाळून घेतली. लोखंडी कढई घ्यायची नाही, पाणी तिथेच काळे होते. हे पाणी थंड करून सगळ्या जमिनीवर ब्रशने सारखे फिरवले आणि एक दिवस वाळू दिले. त्याने फळ्यांवर फक्त हलकी पिवळसर झाक आली.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर पाण्यात 20 ग्रॅमच्या आसपास हिराकस विरघळवून त्यात चिंचोक्याची शिजवलेली खळ घातली, ताकापेक्षा जरा घट्ट होईल इतकी. ती फक्त 32 घरांत लावली. ब्रश फिरला की लाकूड डोळ्यांदेखत आधी करडे, मग निळसर आणि मग काळे होत गेले. शेजारपाजारची मुले जिन्यावर बसून हे पाहत होती. त्यांच्या लेखी ती जादूच.

पानांसाठी काथ. पानात खातो तोच, पाण्यात दाट उकळलेला. साचा ठेवून, ब्रश जवळजवळ कोरडा करून, टोचत टोचत लावायचा. ब्रश ओला असला की साच्याखाली रंग शिरतो. काथाने तपकिरी-तांबूस पान उठले. काळ्या घरांच्या शेजारी ते पान असे दिसते की विड्याला काथ लावलेलाच आहे.

सगळे वाळल्यावर स्वच्छ ओलसर फडक्याने खळ पुसून काढली आणि तीन दिवस माडी बंद ठेवली. शेवटी लाकडाचे पारदर्शक वार्निश, दुकानात ज्याला 'पीयू' म्हणतात ते, तीन हात. प्रत्येक हात चोवीस तास वाळू दिला आणि मध्ये 220 नंबरच्या कागदाने हलके घासून धूळ पुसून घेतली. एवढ्या खोलीला एका हाताला दोन लिटरच्या आसपास लागते. सगळ्या कामात खरा खर्च आला तो याचा आणि सुताराच्या मजुरीचा. हिरडा, हिराकस, काथ आणि चिंचोके यांचा खर्च एका भाजीच्या पिशवीएवढा.

जपायच्या गोष्टी

वाचकांपैकी कोणाला हे करून पाहावेसे वाटले तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, आधी त्याच लाकडाच्या फुटक्या तुकड्यावर करून पाहावे. साग, ऐन, फणस, आंबा, प्रत्येक लाकडात तुरट द्रव्य वेगळे, म्हणून रंगही वेगळा येतो. लाकडात मुरलेला काळा रंग परत काढता येत नाही.

दुसरी, हिराकस मुलांच्या हाती लागता कामा नये. पोटात गेले तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. हातात रबरी मोजे घालावेत आणि उरलेले पाणी विहिरीपासून लांब टाकावे.

तिसरी, जमिनीवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे बरेच असायचे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 सालच्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगाची धूळ लेकरांना घातक. तो रंग ओला करून, तोंडाला नीट मास्क बांधून काढावा आणि पोरांना त्या दिवसांत घरापासून लांब ठेवावे.

चौथी, वार्निशाऐवजी कोणी बेलतेल वापरणार असेल तर तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळ्यातली ऊब आतच कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आणि पुढची निगा म्हणाल तर लाकडी जमिनीवर बादलीने पाणी ओतून धुणे नको. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवरी फरशी धुतल्याने पाणी झिरपून खालच्या तुळया कुजू लागल्या, म्हणून 1684 साली फरशी काढून लाकडी जमीन घातली गेली. राजाच्या तुळया कुजतात तर आपल्या का नाही कुजणार? कोरडा झाडू आणि पिळलेले फडके पुरे. चपला जिन्याखाली. खाटेच्या आणि टेबलाच्या पायांना जाड कापडाच्या टोप्या.

घराचे काय झाले

माडी तयार झाली म्हणून घराचा प्रश्न सुटला असे मी लिहिणार नाही. तीन भावांचे घर आहे, तिघांना जागा लागणार, आणि ते रास्तच आहे. आखातातला भाऊ परत आला तर तो राहणार कुठे? महानगरपालिका आल्यापासून जमिनीचे भाव जे वाढले आहेत त्याने चांगल्या चांगल्या घरांत बोलणे बंद झाले आहे. त्या मानाने या घरात माणसे अजून एका ताटावर बसतात, ही मोठीच गोष्ट.

झाले इतकेच की व्यापाऱ्याला 'आता नको' असा निरोप गेला. मधल्या भावाने पूर्वी 'पाडू' म्हटले होते, आता तो 'मागच्या बाजूला बांधता येईल का बघू' म्हणतो. मागे केळीची एक रांग आहे, ती काढावी लागेल आणि थोरल्याला ते जड जाईल. म्हणजे एकाने फळी सोडायची नाही तर दुसऱ्याने केळी. कोण काय सोडतो, हे अजून ठरायचे आहे. मी आजींना विचारले, तुम्हाला काय वाटते? त्या म्हणाल्या, "लाकूड विकले असते तर पैसे तीन ठिकाणी गेले असते आणि वर्षात संपले असते. आता निदान तिघे येऊन त्याच्यावर झोपतात तरी." मे महिन्यात नातवंडे माडीवर झोपतात, प्रत्येकाचे पान ठरलेले आहे, आणि कोणाचे पान कोणते यावरून रोज रात्री भांडण होते.

मला यातून जे वाटले ते सांगतो. जुनी वस्तू जपा, असे आपण घरातल्या तरुणांना नुसते सांगतो तेव्हा त्यांना ते ओझे वाटते. राखाडी, डागाळलेली, वर प्लॅस्टिक अंथरलेली फळी कोणी का जपावी? पण त्याच फळीवर स्वतःच्या हाताने चार दिवस काम केले की ती आपली होते. विकायची म्हटली तर आधी आपल्याच हाताचे काम उचलावे लागते. नंदाखालच्या त्या घरात वाद मिटला नाही, पण तो आता आकड्यावरून होत नाही, हे मी कमी समजत नाही.

तुमच्याकडे देशावर कडीपाटाची माडी असेल, किंवा तेही नाही तर आजोबांच्या काळचा पाट, झोपाळ्याची फळी, धान्याच्या पेटाऱ्याचे झाकण असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावरची धूळ पुसून पाहा. पॉलिश पेपरचा एक कागद घेऊन हातभर जागा घासून पाहा. आत लाकूड चांगले असेल तर हिरडा गावच्या दुकानात मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तर तो गोळा करूनच कित्येक कुटुंबांची चूल पेटते. पावसाळा सरला, सुगी उरकली आणि हाताला थोडी उसंत मिळाली की घरातल्या मुलांना हाताशी घेऊन बसावे. आखणी त्यांना करू द्यावी, आणि शाईची कृती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावी. बहुतेक घरांत ती कोणाला तरी अजून आठवत असेल.